तात्पुरती डिस्क

डिस्कचं खोकं अजून उघडलेलंच नव्हतं.

कपाटाच्या तळाच्या फळीवर, जुन्या केबलींच्या गुंत्यामागे ते निवांत बसलं होतं. वरची निळी चिकटपट्टी जशीच्या तशी. तिने ते ओढून बाहेर काढलं, पट्टीवरून एकदा अंगठा फिरवला आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. गेले अकरा दिवस सगळं इस्पितळ असं धरून चाललं होतं की या खोक्यातल्या चार डिस्क समोरच्या सर्व्हरमध्ये बसल्या आहेत आणि घशाच्या विभागाचं सगळं रेकॉर्डिंग त्यांच्यावर लिहिलं जातंय. तीही तसंच धरून चालली होती. खरं तर तिने तरी तसं धरायला नको होतं, कारण हे सगळं तिच्याच हातचं होतं.

तीन वाजून सहा मिनिटं झाली होती. बरोबर चार वाजता वीज जाणार होती. रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर आठवडाभर धूर सोडत होता, तो बदलायला वीज मंडळाची माणसं येऊन उभी होती. या बंदची सूचना तीन दिवस आधी सगळ्या मजल्यांवर लागली होती. ती आजच रजेवरून परतली होती आणि तळघरातले सर्व्हर एकेक करून नीट झोपवायचं काम तिच्याकडे होतं. यादीप्रमाणे दोन झोपवून झाले. तिसऱ्यापाशी आल्यावर तिचं लक्ष त्याच्या तोंडाकडे गेलं. डिस्क बसवायच्या चार खाचा, आणि चारही खाचांवर कारखान्यातून आलेली प्लास्टिकची झाकणं. मग ती कपाटाकडे धावली.

झालं होतं ते असं. घशाच्या विभागात ज्यांचा स्वरयंत्राचा भाग काढून टाकावा लागणार असतो, त्यांचा आवाज आधी साठवून ठेवतात. माणूस काचेच्या खोलीत बसून सोळाशे वाक्यं वाचतो. नाकातून सोडलेला बारीक कॅमेरा त्याच्या स्वरतंतूंची सेकंदाला हजारो चित्रं घेतो. आवाज आणि चित्रं मिळून दर वाक्याची एक फाइल होते. ऑपरेशननंतर त्यावरून एक यंत्र तयार करतात आणि ते यंत्र त्याच्या आवाजात बोलतं. चित्रांचा हा लोंढा साध्या साठवणीला झेपेना, म्हणून तिने नवी मांडणी केली होती. एरवी प्रोग्रॅमला काही लिहायचं असलं की तो ऑपरेटिंग सिस्टिमकडे अर्ज करतो, मग ती डिस्कला सांगते. सरकारी कामच ते. नव्या मांडणीत हा मधला टेबल काढून टाकला होता. प्रोग्रॅम थेट डिस्कशी बोलायचा. आणि हा प्रोग्रॅम एका कंटेनरमध्ये चालायचा. कंटेनर म्हणजे सर्व्हरच्या पोटातली एक बंद खोली. सुरू करताना जे आत दिलं तेवढंच त्याचं. मागाहून काही द्यायचं तर आधी ती बंद करायची, मग पुन्हा उघडायची. ही भिंत तिनेच घातली होती, सुरक्षेसाठी, आणि त्याबद्दल मोठ्या साहेबांनी बैठकीत तिचं कौतुकही केलं होतं.

डिस्क आल्या, पण त्या खाचेत सरकवायचे ट्रे आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब वेग बघायला येणार होते. तिने मग अशा वेळी या धंद्यातले सगळेच करतात ते केलं. सर्व्हरच्या मेमरीचा एक मोठा तुकडा घेतला आणि ‘ही डिस्क आहे’ असं प्रोग्रॅमला सांगितलं. चाचणीपुरतं. वर पुढे काही बदलावं लागू नये म्हणून नावही खऱ्या डिस्कचंच दिलं. साहेब आले, आकडे बघून खूश होऊन गेले. मेमरीचाच वेग तो, डोळे दिपणार नाहीत तर काय.

त्याच संध्याकाळी घशाच्या डॉक्टरांनी तिला वर बोलावून घेतलं. अप्पांचं ऑपरेशन आता थांबवता येणार नाही म्हणाले. अप्पा म्हणजे तिचे वडील. दुसऱ्या दिवसापासून ती रजेवर गेली. जाताना सर्व्हरला पिवळी चिठ्ठी चिकटवली: ‘तात्पुरतं आहे. ट्रे आले की डिस्क बसवा.’ चिठ्ठी पंख्याच्या वाऱ्याने कधी उडाली कोण जाणे. पडद्यावर मात्र रोज हिरव्या अक्षरांत दिसत राहिलं, डिस्क सुस्थितीत. रेकॉर्डिंग सुरू झालं. डिस्क बसल्यावरच बॅकअप सुरू व्हायचा होता, तो झालाच नाही. आणि पहिल्याच दिवशी काचेच्या खोलीत जाऊन बसलेल्या तिघांत एक अप्पा होते.

चार दिवस त्यांनी वाक्यं वाचली. पाचव्या दिवशी ऑपरेशन झालं. त्याला आता सहा दिवस झाले होते. अप्पांचा आवाज या जगात आता एकाच ठिकाणी होता, आणि ते ठिकाण वीज असेपर्यंतच होतं.

तिने वायरमनला फोन लावला.

“काका, सर्व्हरची एक वायर जनरेटरवर द्यायचीय. आत्ताच्या आत्ता.”

“कुठली?”

“तळघरातली. लाल सॉकेटवर.”

“लाल सॉकेटला हात लावायचा नाही, ताई.” वायरमन तिकडून धापा टाकत बोलत होता. “दोनातला एक जनरेटर खोललेला आहे. दुसरा काठोकाठ भरलाय. वर सहा जण श्वासाच्या मशिनवर आहेत. तुमचं धूड लावलं आणि तो बसला, तर मी काय करू सांगा?”

“मग तुमच्या त्या लोकांना अर्धा तास थांबायला सांगा ना. पाया पडते.”

“ते काय माझ्या सासरचे आहेत? चारला तार तोडणार म्हणजे तोडणार. अर्ध्या गावाची वीज त्यावर आहे.”

तो बरोबरच बोलत होता, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. बॅटऱ्या होत्या, पण म्हाताऱ्या झालेल्या. नव्या होत्या तेव्हा वीस मिनिटं तग धरायच्या, आता सहा-सात धरल्या तरी पुष्कळ. झोपवलेले दोन सर्व्हर पुन्हा उठवावेत तर ते उठायलाच पाऊण तास घेत, आणि उठूनही त्यांच्यावर जागा नव्हती.

ती जमिनीवर बसली. दोन्ही हातांनी डोकं धरून बसली. तिला आठवत राहिला तो अप्पांचा घरभर घुमणारा आवाज. अप्पा सुतार. करवतीच्या घरघरीवरून ऐकू जायला हवं म्हणून आयुष्यभर मोठ्यानेच बोललेले. त्यांना कुजबुजणं म्हणून जमलं नाही कधी. तिच्या लग्नाची बोलणी चालली असताना आतल्या खोलीत जाऊन आईच्या कानात म्हणाले, “मुलगा जरा बावळट वाटतो,” आणि ते बाहेर मुलाच्या आत्यापर्यंत पोचलं. ते लग्न मोडलं, आणि बरंच झालं म्हणा. शाळेतून यायला उशीर झाला की गल्लीच्या टोकापासून हाक यायची, “भिंगरेऽऽ!” एका जागी ठरत नसे म्हणून तिचं नाव भिंगरी. ती हाक आता फक्त मेमरीत होती. मेमरीत, म्हणजे खरोखरच मेमरीत.

शेवटी मार्ग सुचला तो तिच्या हुशारीतून नाही, घाबरण्यातून. त्या बंद खोलीला एक खिडकी होती, नेटवर्कची. वरची रेकॉर्डिंगची खोली त्याच खिडकीतून आत लिहायची. तीच खिडकी सर्व्हरच्या बाजूने उघडली तर आतलं वाचता येईल. आणि समोरच्या खाचेत एखादी खरी डिस्क बसली तर वाचलेलं तिच्यावर उतरवता येईल. कंटेनरला हातही लावायचा नाही, कारण तो बंद केला की मेमरीही पुसली जाणार. फक्त खिडकीशी एका वेळी एकानेच उभं राहायचं.

तिने रेकॉर्डिंगच्या बाईंना फोन केला. “बाई, सगळं बंद करा. आत्ता.”

“अगं, चारला बंद करायचंय ना? इथे माणूस बसलाय आत.”

“उठवा त्याला. आणि मला सांगा, आपल्या चौदा जणांत ऑपरेशन झालेले किती?”

बाईंनी काहीतरी ओळखलं असावं. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “नऊ. काय झालंय ग?”

“ज्यांचं झालं नाही ते पुन्हा वाचू शकतील. त्या नऊ जणांचे नंबर पाठवा.” आणि तिने फोन ठेवला, कारण पुढचं सांगितलं असतं तर ती रडली असती.

निळी पट्टी दातांनी फाडून तिने एक डिस्क काढली. खाचेवरचं झाकण उचकटलं, डिस्क आत सरकवली. ट्रे नसलेली डिस्क त्या खाचेत अशी खुळखुळत होती, जसा थोरल्या भावाच्या चपलेत धाकट्याचा पाय. आतल्या टोकाला जुळणी लागली की दिवा हिरवा व्हायचा, आणि तिने हात सोडून कीबोर्डकडे एक पाऊल टाकलं की विझायचा. कीबोर्ड चार पावलांवर. हात तर तिला दोनच. पुस्तकं लावून बघितली, चिकटपट्टी लावून बघितली. साडेतीन वाजून गेले. तिने सर्व्हरला एक लाथ घालायला पाय उचलला आणि तो तसाच खाली ठेवला, कारण अप्पा आत होते.

आणि नेमके त्याच वेळी अप्पा दारात येऊन उभे राहिले.

डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं, आणि ते रोज तीन-साडेतीनला वरच्या वॉर्डातून लिफ्टने तळघरात येऊन तिच्या रिकाम्या खुर्चीत बसत. आज खुर्चीवाली भेटेल म्हणून खुशीत होते. नाकात नळी, गळ्याच्या मध्यभागी भोक, त्यावर जाळीचं फडकं, आणि दोरीने गळ्यात अडकवलेली लिहायची पाटी. इस्पितळाच्या सदऱ्याचा खिसा लाकडी पट्ट्यांनी फुगलेला. घसा तपासताना जीभ दाबायच्या त्या चपट्या पट्ट्या. एकदा वापरून फेकून देतात. चांगलं लाकूड फेकून देतात हे अप्पांना सहन होईना. त्यांनी नर्सबाईंकडून कोऱ्या मागून घेतल्या होत्या आणि वॉर्डात बसून त्यांची बोटभर स्टुलं, खुर्च्या करत बसत. सहा दिवसांत निम्म्या वॉर्डाच्या उशाशी त्यांचं फर्निचर पोचलं होतं.

त्यांनी भुवया उंचावून विचारलं, काय ग?

“अप्पा, माझ्या हातून फार मोठी चूक झाली.” तिने डिस्क खाचेत धरूनच सांगितलं. हात सोडायचं तिला भान नव्हतं. “तुमचा आवाज डिस्कवर नाहीच. मी तो मेमरीत ठेवलाय. चार वाजता वीज गेली की पुसला जाणार. तुमचा आणि आणखी आठ जणांचा. मी तात्पुरतं म्हणून केलं आणि विसरले. तुमच्या काळजीत विसरले असं म्हणायला मला तोंड नाही.”

अप्पा बघत राहिले. आयुष्यभर ते इतक्या-तितक्यावरून तिच्यावर ओरडले होते. वाकडा ठोकलेला खिळा, उघडी राहिलेली डबी, पाण्यात भिजलेलं पॉलिश. आत्ता ओरडायला हवं होतं, तर गळ्यातल्या भोकातून नुसती हवा आली, फस्स करून. तिला वाटलं, आपल्याला आता कोणी तरी मारलं तर बरं.

त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘हात काढ.’

मग ते खाचेसमोर गुडघ्यावर बसले. बोटाने खाच आतून चाचपली, वरून, खालून. डिस्क हातात घेऊन तिची कड अंगठ्याने मोजली. खिशातून पट्ट्या काढल्या, दोन जोडून बघितल्या, तीन जोडून बघितल्या, एक दाताने उभी चिरली. तिच्याकडची चिकटपट्टी मागून घेतली. दोन्ही बाजूंना तीन-तीन पट्ट्या, खाली एक, पुढे चिरलेली पाचर. सुतार माणूस काम करताना घड्याळ बघत नाही. ती मात्र दर दहा सेकंदांनी बघत होती. तीन चाळीस. तीन त्रेचाळीस. तीन सेहेचाळीसला डिस्क रुळावरून सरकावी तशी आत गेली आणि दिवा हिरवा झाला. शेवटचा सुतभर दाब पाचरीने येईना, म्हणून अप्पांनी तळहात डिस्कला टेकवला आणि मान हलवली. चालू कर.

ती कीबोर्डवर जवळजवळ पडलीच. खिडकी उघडली. पडद्यावर नंबरांची यादी आली. जुळणी लाकडाच्या आधाराने जेमतेम लागलेली, त्यामुळे वेग अगदीच बेताचा होता. एका माणसाला साधारण दोन मिनिटं. नऊ माणसं, अठरा मिनिटं. बॅटऱ्यांसकट हाताशी वीस होती, बॅटऱ्यांनी साथ दिली तर. तिने नऊ नंबर ओळीने लावले. पहिला अडतीस.

अडतीस नंबर अप्पांच्या मनगटावरच्या पट्टीवर होता. सहा दिवस नर्सबाई तोच नंबर वाचून औषध देत होत्या. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग मनगटाकडे, मग तिच्याकडे. आणि बोटाने खूण केली, खाली. शेवटी.

“नाही अप्पा.”

त्यांनी पुन्हा तीच खूण केली.

अप्पांच्या धंद्यात हा एकच नियम होता, गिऱ्हाइकाचं आधी, घरचं शेवटी. लोकांची कपाटं, दिवाण, दारं वेळेवर जायची, आणि घरातल्या स्वयंपाकघरातल्या कपाटाला अकरा वर्षं दार नव्हतं. आईने त्याला पडदा लावला होता. पाहुण्यांनी विचारलं की आई म्हणायची, “घरात सुतार आहे ना, म्हणून.” ते दार शेवटी लागलंच नाही. आई गेली तेव्हाही तिथे पडदाच होता.

“इथे कपाट नाहीये, अप्पा! तुमचा आवाज आहे!” ती किंचाळली. “बाकीच्यांना मी कुठे सोडतेय? दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे. एकदा तरी, एकदा तरी स्वतःचं आधी घ्या. मी तुमची मुलगी आहे, त्यांची नाही!”

अप्पांनी डिस्कवरचा तळहात उचलला.

दिवा विझला. त्यांनी हात हवेत तसाच धरून ठेवला आणि तिच्याकडे बघत राहिले. रागाने नाही. गिऱ्हाईक किमतीवरून हुज्जत घालायला लागलं की ते असेच काम थांबवून उभे राहायचे, आणि गिऱ्हाईक दमून हो म्हणायचं. तीन एक्कावन्न झाले होते. हे पाषाण माणूस आहे, तिला वाटलं, जन्मभर असंच होतं, आणि याच्यासाठीच माझा जीव तुटतोय. तिने अडतीस उचलून तळाशी टाकला. अप्पांनी हात टेकवला.

मग काही करायचं उरलंच नाही. तेच सगळ्यात वाईट होतं. पडद्यावर पहिल्या नंबरची पट्टी हळूहळू भरत गेली. तो एक शाळामास्तर होता, हे तिला बाईंनी पाठवलेल्या यादीतून कळलं. दुसरी भाजी विकणारी. तिसऱ्याच्या मध्यावर अप्पांना खोकला आला. गळ्यातल्या भोकाने खोकायचं त्यांना अजून जमत नव्हतं. सगळं अंग हललं, दिवा लुकलुकला, पट्टी थांबली. अप्पांनी दुसरा हातही डिस्कला लावला, कपाळ सर्व्हरच्या पत्र्याला टेकवलं आणि उरलेला खोकला तसाच गिळला. पट्टी पुन्हा सरकली.

चार वाजता दिवे गेले. छताचे पंखे थांबले. बॅटऱ्यांनी चीं चीं सुरू केली. पडद्याच्या उजेडात तिला अप्पांचा अर्धा चेहरा दिसत होता, घामाने निथळलेला.

“दुखतंय का?” तिने विचारलं.

त्यांनी मान हलवली नाही. हात मोकळे नव्हते, म्हणून लिहिलंही नाही.

पाचवा. सहावा. बॅटऱ्यांचा आकडा साठ टक्के, पंचेचाळीस, अठ्ठावीस. म्हाताऱ्या बॅटऱ्या शेवटी शेवटी जिना उतरताना पाय सटकल्यासारख्या उतरतात. सातवा झाला. आठवा झाला. चार वाजून सात मिनिटांनी अडतीस सुरू झाला तेव्हा आकडा नऊवर होता. ती पडद्याला हात लावून बसली, जणू त्याने वेग वाढणार होता. वाक्य एक. वाक्य चाळीस. वाक्य तीनशे. “चल, चल, चल ग बाई.” सहाशे. आठशे. गळ्यातल्या भोकातून अप्पांचा श्वास घरघरत होता. हजार. अकराशे. अकराशे बेचाळीस.

आणि अंधार झाला.

सर्व्हरच्या पंख्यांची घरघर खाली उतरत उतरत बंद पडली. इतकी शांतता त्या खोलीत तिने कधी ऐकली नव्हती. तिने मोबाइलचा दिवा लावला. अप्पा अजून दोन्ही हात डिस्कला लावून तसेच बसले होते.

“सोडा आता, अप्पा,” ती म्हणाली. “गेलं.”

वीज सहाला परत आली. तोपर्यंत रेकॉर्डिंगच्या बाई खाली आल्या होत्या. त्यांना सगळं सांगून झालं होतं, आणि मोठ्या साहेबांनाही. साहेब काय बोलले ते तिला आठवतही नव्हतं. तिने डिस्क उघडून बघितली. आठ जण पूर्ण. अडतीस नंबर, अकराशे बेचाळीस वाक्यं.

“पुरे आहेत,” बाई म्हणाल्या. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “अगं, हजारावर यंत्र तयार होतं. ते बोलेल. काहीही टाइप कर, अप्पांच्या आवाजात म्हणेल.”

“आणि शेवटची फाइल?”

बाईंनी तिच्या पाठीवरचा हात काढून घेतला. सोळाशे वाक्यं संपली की शेवटी एक मोकळी फाइल असते. त्यात वाचायचं काही नसतं. माणसाने आपल्या घरच्यांसाठी हवं ते बोलायचं असतं. कोणी हाका मारून ठेवतं, कोणी भांडण मिटवतं, कोणी गातं. त्या वेळी बाई खोलीतून बाहेर जातात आणि आवाज बंद करतात, तो नियमच आहे.

“तुम्ही काही ऐकलं नाही?”

“नाही ग. ते कोणीच ऐकत नाही.”

ती वॉर्डात गेली तेव्हा अप्पा खाटेवर उशीला टेकून बसले होते. तळहातांवर डिस्कच्या कडांचे लाल वळ अजून उतरले नव्हते. तिने तिथेच, शेजारची खाट ऐकतेय याची पर्वा न करता सांगितलं, “अप्पा, यंत्र बोलेल. पण शेवटचं राहिलं. तुम्ही एकटे बोललात ते. ते गेलं.” आणि मग तिला थांबवेना. “तुम्ही हट्ट केला नसतात तर ते आज असतं! काय बोलला होतात? मला हाक मारली होतीत का? निदान ते तरी सांगा!”

अप्पांनी पाटी मांडीवर घेतली. मग लिहिलं आणि पाटी तिच्याकडे वळवली.

‘काही नाही बोललो. लाज वाटली. गप्प बसलो होतो.’

तिने ते दोनदा वाचलं. त्यांच्याकडे बघितलं, तर ते खिडकीकडे बघत होते. पुन्हा लिहायला लागले. ‘तू जेवली नाहीस. जा.’

ती उठली, जिन्यापर्यंत गेली आणि पायरीवर बसली. दुपारी यादी लावताना अडतीस नंबरच्या सगळ्या फाइली तिच्या डोळ्यांखालून गेल्या होत्या. शेवटची फाइल तिला चांगली आठवत होती. सात मिनिटं अकरा सेकंद. आयुष्यात दोन मिनिटं गप्प न बसलेला माणूस एकट्या खोलीत सात मिनिटं अकरा सेकंद गप्प बसेल? पण आकार बघून कळण्यासारखं काही नव्हतं, ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. त्या फाइलींमध्ये माणूस बोलला काय आणि गप्प बसला काय, जागा तेवढीच लागते.